उपवास उसाच्या फडापर्यंत नेऊ या

राखेचा बुधवार, १८ फेब्रुवारी २०२६

प्रति,
बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील सर्व ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, पंच, महिला मंडळे, तरुण संघ आणि सभासद यांना,



आजपासून उपवासकाळ सुरू होत आहे. ईस्टर ५ एप्रिलला आहे. मधले रविवार वगळले की चाळीस दिवस भरतात. आपल्यापैकी काही मंडळ्यांत आज कपाळाला राख लावली जाईल, काहींत संध्याकाळची प्रार्थनासभा होईल, तर काही मंडळ्या हा काळ वेगळा असा पाळतही नाहीत. पण पंथ कोणताही असो, पुढचे काही आठवडे आपल्या घराघरांत पहाटे बायबल उघडले जाईल, एखादा उतारा वाचला जाईल, त्यावरचे मनन एकमेकांना पाठवले जाईल. कुणी मटण सोडेल, कुणी चहा, कुणी एका वेळचे जेवण. आपल्या शेजाऱ्यांची महाशिवरात्र याच आठवड्यात झाली आणि रमजानचे रोजेही आता सुरू होत आहेत. आसपासच्या किती घरांत या दिवसांत माणसे देवासाठी उपाशी राहत आहेत!

अशा वेळी एक विनंती करायला हे पत्र लिहीत आहे. यंदाचे आपले चाळीस दिवसांचे मनन आपण ऊसतोड कामगारांच्या कोप्यांपर्यंत, म्हणजे त्यांच्या झोपड्यांपर्यंत, न्यावे.

हीच विनंती का, ते सांगतो. दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतून टोळ्या आपल्या शिवारात येतात. मुकादमाकडून आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, घेतलेली असते. ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. तिने बांधलेली मोळी आणि डोक्यावरून फळीवर चढून ट्रकमध्ये टाकलेला ऊस हिशेबात वेगळा दिसत नाही. तोड पहाटेच्या अंधारात सुरू होते आणि गाडी रात्री आली तर रात्री भरावी लागते. खाडा झाला की पैसे कापले जातात. थोरली मुलगी कोपीवर थांबून धाकट्या भावंडाला सांभाळते आणि तिची शाळा सुटते. मार्चमध्ये एकेका कारखान्याचा पट्टा पडू लागतो, म्हणजे हंगाम संपू लागतो, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास बऱ्याच कोप्या मोडलेल्या असतात. उपवासकाळ लागतो तेव्हा ही माणसे आपल्यात असतात. ईस्टरच्या पहाटे आपण गाणी म्हणत निघतो, तोवर बहुतेक जण गेलेले असतात. चार-पाच महिने ते आपल्या चर्चपासून हाकेच्या अंतरावर राहतात, पण आपल्या प्रार्थनांत त्यांचा उल्लेख क्वचितच होतो.

उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यात अनेक मंडळ्यांत यशयाचा ५८ वा अध्याय वाचला जातो. लोक देवाकडे तक्रार करतात की आम्ही उपास केला, जिवाला कष्ट दिले, तरी तुझे लक्ष का नाही? देवाचे उत्तर कडक आहे. ज्या दिवशी तुम्ही उपास करता, त्याच दिवशी तुम्ही आपल्या मजुरांना पिळून घेता, असे तो म्हणतो. मग कोणता उपास आपल्याला आवडतो तेही तो सांगतो. जू मोडावे, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा द्यावा, निराश्रिताला घरात घ्यावे. याकोबाचे पत्र आणखी थेट शेतावर येते. पाचव्या अध्यायात तो म्हणतो की ज्यांनी तुमच्या शेतांची कापणी केली त्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेली आहे. ही वचने आपण शब्बाथ शाळेत पाठ केली. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या मंडळीने ती कुठे उभे राहून वाचावीत, याचा विचार या चाळीस दिवसांत व्हावा.

येत्या रविवारी, २२ फेब्रुवारीला, अनेक चर्चमध्ये मत्तयाच्या चौथ्या अध्यायातली येशूची परीक्षा वाचली जाईल. चाळीस दिवस उपाशी असलेल्या येशूला सैतान म्हणतो, या धोंड्यांच्या भाकरी कर. तो करत नाही. पुढे रानात पाच हजारांवर लोक भुकेले दिसतात, तेव्हा मात्र तोच येशू भाकरी मोडून सर्वांना पोटभर जेवू घालतो. जे सामर्थ्य त्याने स्वतःच्या भुकेसाठी वापरले नाही, ते दुसऱ्याच्या भुकेसाठी वापरले. उपवासाचा अर्थ मला इथे सापडतो. आपल्या ताटातून जे बाजूला काढले, ते कुणाच्या तरी ताटात पोचले पाहिजे. नाहीतर उपास केला आणि घरातले धान्य वाचले, एवढेच होईल.

आता आपल्या इतिहासाकडे पाहा. आपल्यापैकी कितीतरी घराण्यांतली ख्रिस्ती झालेली पहिली पिढी दुष्काळातून वाचलेली होती. १८७६-७७ चा दुष्काळ, मग १८९६-९७ चा, लगेच १८९९-१९०० चा. आज आपल्या शेतांना पाणी देणारा नीरा डावा कालवासुद्धा दुष्काळी कामावर आलेल्या भुकेल्या हातांनी खोदला आणि १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी खेळू लागले. या कालव्याने कोरडवाहू बारामती-इंदापूरचे बागायती बारामती-इंदापूर केले. दुष्काळी लोकांच्या घामावर उभ्या राहिलेल्या या हिरव्या पट्ट्यात आज दुसऱ्या दुष्काळी भागांतले लोक ऊस तोडायला येतात. आपले आजे-पणजे जिथे होते, तिथे आज ते आहेत. त्या काळी कुणीतरी आपल्या पूर्वजांच्या झोपडीपर्यंत चालत आले होते, याची जाण आपण ठेवली पाहिजे.

असे चालत जाणारे एक माणूस आपल्याच जिल्ह्यात, शेजारच्या दौंड तालुक्यात होऊन गेले. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणले. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा पुण्यातली संस्था सांभाळत बसणे त्यांना सहज शक्य होते. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या, वाटेत कुणाच्याही हाती सापडू शकतील अशा शेकडो बायका-मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तिथे दीड हजारांच्या आसपास माणसे राहत होती. त्या बायका शेती करायला, विणायला, तेलाचा घाणा चालवायला आणि छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेल्या मराठी बायबलच्या छपाईला हेच हात लागले. पायावर उभे करणे आणि वचन हाती देणे या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींपासून तोडल्या नाहीत. रमाबाई गेल्या ५ एप्रिल १९२२ रोजी, उपवासकाळातच. यंदा त्यांचा स्मृतिदिन आणि ईस्टर एकाच दिवशी येत आहेत. त्या दिवशी त्यांचे नाव आपण व्यासपीठावरून घेणारच आहोत. त्याआधीचे चाळीस दिवस त्यांच्या वाटेने चालून मग ते नाव घेऊ या.

असे वाटेने चालणे म्हणजेच शिष्यत्व, आणि शिष्यत्व म्हटले की रेव्हरंड ना. वा. टिळक आठवतात. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे येशूचे शिष्य तिथे एकत्र यावेत, ही त्यांची इच्छा होती. टिळकांच्या लेखी शिष्यत्व म्हणजे गुरूच्या पावलावर रोज पाऊल टाकणे. लूकच्या शुभवर्तमानात येशूनेही क्रूस दररोज उचलायला सांगितला आहे. मग रोजचे मनन वाचून संपल्यावर खरा दिवस सुरू होतो असे म्हणायला हवे.

तुकोबांची पालखी आषाढात आपल्याच गावांतून जाते. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम होतात. त्या दिवसांत या गावांत कुणी वारकऱ्याला जात विचारत नाही. दार उघडे असते, पिठलं-भाकरी तयार असते, थकल्या पायांना तेल चोळायला माणसे बसलेली असतात. आपल्यातले कितीतरी ख्रिस्ती तरुणही पाणी वाटायला उभे राहतात. परगावाहून आलेल्या माणसाची सेवा कशी करायची, हे या मातीला शिकवावे लागत नाही. पालखी एका रात्रीत पुढे जाते, ऊसतोडणीची टोळी महिनोन्‌महिने असते. तोच आदर तिच्या वाट्याला यावा.

ज्यांचा स्वतःचा ऊस आहे, अशा आपल्या शेतकरी बांधवांसाठी मी रूथचे पुस्तक सुचवतो. चारच अध्याय आहेत, चार दिवसांचे मनन होईल. दुष्काळामुळे बेथलेहेम सोडून गेलेले एक घर, परदेशात मेलेले कर्ते पुरुष, आणि सासूबरोबर हंगामाच्या तोंडावर परत आलेली मवाबी विधवा सून. ती बवाजाच्या शेतात सरवा वेचायला जाते. बवाज तिथे तीन गोष्टी करतो. तिला त्रास द्यायचा नाही, अशी गड्यांना ताकीद देतो. गड्यांनी भरून ठेवलेल्या घागरींतले पाणी तिने खुशाल प्यावे, असे सांगतो. जेवणाच्या वेळी तिला आपल्यात बसवून घेतो. शेतमालकाच्या हाती असलेल्या या तीन गोष्टी होत्या, आणि तीन हजार वर्षांनंतरही त्याच आहेत. आपल्या फडात तोड चालू असेल, त्या दिवशी बाईची छेड निघणार नाही हे पाहणे, विहिरीवरून प्यायचे पाणी देणे, आणि एक वेळ तरी एका पंगतीला बसणे. शेतकऱ्याच्याही अडचणी मला ठाऊक आहेत. तोड लांबते, ऊस वाळतो, खुशालीपोटी पैसे मोजावे लागतात, बिल उशिरा हाती पडते. बवाजालाही हंगामाची घाई होतीच. तरी मवाबातून आलेली ती बाई त्याच्या नजरेतून सुटली नाही.

८ मार्चकडे महिला मंडळांनी विशेष लक्ष द्यावे. तो जागतिक महिला दिन आहे आणि उपवासकाळातला तिसरा रविवारही. जिथे वाचनक्रम पाळला जातो, तिथे त्या दिवशी योहानाचा चौथा अध्याय येतो, विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीचा. भर दुपारी, एकटी, पाण्याला आलेल्या बाईजवळ येशू स्वतः पाणी मागतो आणि तिच्याशी बोलत बसतो. ऊसतोड करणाऱ्या बाईला पाळीच्या दिवसांत आडोसा नसतो, स्वच्छ पाणी नसते, आणि विसावा घेतला तर खाडा पडतो. बीड जिल्ह्यात या बायकांची गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रिया इतक्या झाल्या की २०१९ मध्ये राज्य शासनाला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. कामाचा दिवस बुडू नये म्हणून बाई शरीराचा भाग गमावून बसते, याच्यापुढे आपला एका वेळचा उपास किती लहान आहे! परिचारिकेचे काम मराठी ख्रिस्ती स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. आपल्या जवळपास प्रत्येक मंडळीत एखादी सेवेतली किंवा निवृत्त नर्स असते. ८ मार्चच्या दुपारी त्यांनी कोप्यांवर जावे, रक्तदाब पाहावा, अंगात रक्त कमी दिसले तर प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत सोबत करावी. आणि येशू जसा विहिरीवर बसला तसे तिथे थोडे बसावे, त्या बायकांचे ऐकून घ्यावे.

एका गोष्टीबद्दल मात्र मला आग्रहाने सांगायचे आहे. कोपीवर जाताना हातात पत्रिका नको, सभेचे आमंत्रण नको, फोटो काढणे नको. कुणी विचारले की तुम्ही कोण, तर आम्ही चर्चचे लोक, येशूला मानणारे, असे सरळ सांगावे. त्यापुढे जाऊ नये. आजच्या वातावरणात संशय येईल म्हणून मी हे म्हणत नाही. दुसऱ्याच्या गरजेचा फायदा घेऊन त्याला आपल्याकडे वळवणे प्रभूला मान्य नाही, म्हणून म्हणतो. त्याने दहा कुष्ठरोगी बरे केले. नऊ परत आले नाहीत. त्यांचे बरे होणे त्याने काढून घेतले नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात दान, प्रार्थना आणि उपास या तिन्ही गोष्टी गुप्तपणे करायला त्याने सांगितल्या आहेत.

या बाबतीत बारामतीच्या आठवणीही आपल्याला जागे ठेवतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ऑस्ट्रेलियातून आलेल्या मिशनऱ्यांनी बारामतीत शाळा, दवाखाना, अनाथांची काळजी अशी मोठी कामे केली. त्याच काळात ब्रिटिश सरकारने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींची वसाहतही इथे मिशनच्या देखरेखीखाली होती. जन्मावरून माणसाला चोर ठरवणारा आणि त्याला हजेरीला बांधणारा तो कायदा स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये रद्द केला. त्या वसाहतीत मुलांना शिक्षण मिळाले, मोठ्यांना काम मिळाले. पण येण्या-जाण्याचे स्वातंत्र्य नसलेल्या माणसाची सेवा करताना सेवा आणि सत्ता एकमेकींत मिसळतात, हेही तिथे दिसले. ज्याच्या डोक्यावर उचल आहे, तो ऊसतोड कामगारही मोकळा नाही. म्हणून त्याच्याकडे जाताना आपण उपकारकर्ते म्हणून जायचे नाही. त्याला काय हवे ते त्याने सांगावे आणि आपण ऐकावे.

प्रत्यक्षात काय करता येईल, तेही मांडतो. प्रत्येक मंडळीने जवळची एकच टोळी निवडावी. पहिल्यांदा दोघा-तिघांनीच जावे, शेतमालकाला आणि मुकादमाला सांगून जावे. नावे विचारावीत, मुलांची वये विचारावीत. शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळतो, वर्षाच्या मध्येही मिळतो, आणि शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून तो अडवता येत नाही. आपल्या मंडळ्यांत शिक्षक पुष्कळ आहेत. जिल्हा परिषदेच्या जवळच्या शाळेत मुलांना नेऊन बसवणे त्यांना अवघड नाही. रेशनकार्ड आता दुसऱ्या गावीही चालते. टोळीतल्या लोकांसोबत स्वस्त धान्य दुकानापर्यंत जाऊन हक्काचे धान्य मिळवून देता येईल. तरुण संघाने संध्याकाळी तासभर मुलांना वाचायला-लिहायला शिकवावे. उपवासातून वाचलेल्या पैशांसाठी वेगळी पेटी ठेवावी आणि त्यातून पाण्याची टाकी, सौरदिवा, औषधे असे जे मागितले जाईल ते द्यावे. दर रविवारी त्या पेटीचा हिशेब मंडळीसमोर वाचावा.

रोजच्या मननासाठी मी तीन प्रश्न सुचवतो. आज मी काय वाचले? ते वाचताना मला कोण आठवले? त्या माणसासाठी आज मी काय केले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर रोज मोठे असणार नाही. एखाद्या दिवशी ते नुसते कुणाची तरी चौकशी करणे असेल. पण त्या प्रश्नाची जागा रिकामी सोडून दुसऱ्या दिवसाचा उतारा उघडू नये.

आदरणीय पाळकहो, आपल्या शब्दाला मंडळीत वजन आहे. येत्या रविवारी उपदेशानंतर ही विनंती आपण मंडळीसमोर मांडावी, पंचांना बसवून टोळी ठरवावी आणि पहिल्या भेटीला स्वतः जावे. मंडळ्या लहान असतील तर दोन पंथांच्या मंडळ्यांनी एकत्र जावे. कोपीवरच्या माणसाला आपले पंथ माहीत नाहीत आणि त्याची गरजही नाही. काही टोळ्या आताच परतीची बांधाबांध करत असतील, म्हणून पुढच्या आठवड्यावर ढकलू नये. कारखान्यांचे पट्टे पडायच्या आत, गुढीपाडव्याच्या आत, आपल्या चर्चच्या शिवेतल्या एका तरी कोपीतल्या माणसांची नावे आपल्याला ठाऊक झालेली असावीत आणि त्यांना आपली. मग ५ एप्रिलला प्रभू उठला आहे हे आपण खुल्या मनाने सांगू शकू.

ख्रिस्तात आपला,
बारामती तालुक्यातील एक सभासद